ज्याला येतं त्याने डावा हात

न्यानला आमच्या शाळेत आणायची बुद्धी कुणाला झाली, ते मला अजून कळलेलं नाही. सायगावहून आली, केसांना तांबूस रंग लावून, आणि पहिल्याच दिवशी माझ्या फळ्याकडे बघत म्हणाली, "अय्या थोआताई, तुम्ही अजून रकाने आखता?" तेव्हापासून ती मला आवडत नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही.

हो, मी रकाने आखते. आमच्या सा देक गावातल्या निम्म्या फुलवाल्यांची पोरं माझ्या रकान्यांवरच परीक्षा पास झाली आहेत. फळ्यावर चार उभे रकाने: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. इंग्रजीचा एक शब्द द्यायचा आणि त्याचं सगळं घरदार पोरांनी भरून काढायचं. कुठे शेपूट लागतं, कुठे गळतं, कुठे शब्द ओळखू येणार नाही इतका बदलतो. आणि माझ्या वर्गात एका शब्दात उत्तर द्यायचं नाही. उभं राहायचं, हाताची घडी घालायची आणि पूर्ण वाक्य बोलायचं, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत. न्यान मात्र रंगीत पुठ्ठे वाटते. लाल पुठ्ठा नाम, हिरवा क्रियापद, मग पोरं वर्गभर धावतात आणि आपापलं कुटुंब शोधतात. पोरं घामाघूम होतात, शब्द होते तिथेच राहतात.

इतकी वर्षं शब्दांच्या जाती शिकवल्या की माणसांच्याही दिसायला लागतात. आमचे मुख्याध्यापक खिएमसर म्हणजे विशेषण. एकटे उभे राहू शकत नाहीत, चिकटायला कुणीतरी लागतं. त्यांची भाची तुयेन, तीही इंग्रजीच शिकवते, ती क्रियाविशेषण. वाक्यातून काढली तर कुणाला पत्ताही लागणार नाही. न्यान क्रियापद, एक क्षण स्वस्थ नाही. आणि मी नाम. ठेवलं तिथे राहते.

राहायलाच हवं होतं मला. पोरांची संख्या घटली, तेव्हा सरांनी आम्हा तिघींना बोलावून सांगितलं की तिघींतली एक नदीपलीकडच्या बेटावरच्या शाळेत जाईल. तुयेन जाणार नाही, हे सांगायची गरज नव्हती. राहिल्या दोघी. प्रात्यक्षिक पाठ घ्यायचा, विषय शब्दांची रूपं, जिल्ह्याहून परीक्षक येतील आणि जिचा पाठ पडेल ती बेटावर.

बेट काही वाईट नाही. पण तिथे जायचं म्हणजे सकाळी फेरीबोट, संध्याकाळी फेरीबोट, आणि मधली दुपार तिकडेच. माझी दुपार मोकळी नाही. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय. शाळा घराच्या इतकी जवळ की दुपारच्या सुट्टीत मी घरी जाऊन तिला माशाची पेज भरवते आणि पुढच्या तासाच्या घंटेला परत येते. मला ताप आला होता तेव्हा शेजारच्या मावशीने (भावंडांत सहावी, म्हणून सगळे तिला सहावी मावशीच म्हणतात) भरवायचा प्रयत्न केला. आईने दात आवळून धरले. मावशीने चमचा आत घातला तर पेज तिच्या ब्लाउजवर थुंकली. त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली. आईचं माझ्याशी जन्मात पटलेलं नाही, पण घास मात्र माझ्याच हातचा लागतो.

तीही शिक्षिकाच. आधी रशियन शिकवायची. मग वरून हुकूम आला की आता रशियन नको, इंग्रजी, म्हणून चाळिशी उलटल्यावर पहिल्यापासून इंग्रजी शिकली आणि दुसऱ्या वर्षी वर्गात उभी राहिली. ते चार रकाने तिचेच. मी तिच्या वर्गात होते. हात वर केला तरी ती मला कधी विचारायची नाही. लोक म्हणतील, पोटच्या पोरीला पुढे करते. मी दंड भरून येईपर्यंत हात ताणून बसायची आणि ती माझ्या डोक्यावरून मागच्या बाकाकडे बघायची. आता तिचं सगळं बोलणं डाव्या हातावर चालतं. हो म्हणायचं असेल तर हात वर, नाही म्हणायचं असेल तर पलंगावर थाप. थापाच जास्त पडतात.

प्रात्यक्षिक पाठाची तयारी कशी करायची, ते आमच्याकडे नव्याने शिकवावं लागत नाही. मागे परीक्षक बसणार, त्यांना सगळ्या वर्गाचे हात वर दिसले पाहिजेत. म्हणून आधीच ठरवून द्यायचं: ज्याला येतं त्याने उजवा हात, ज्याला येत नाही त्याने डावा. हात सगळ्यांचे वर, बाईंनी फक्त उजव्यांना विचारायचं. यात कुणाला काही वाटत नाही. लग्नात भाड्याचा झगा घालतात, तसंच हे. फक्त परीक्षकही कधीकाळी शिक्षकच होते, त्यांनाही उजवा-डावा ठाऊक. म्हणून मी माझ्या नववी 'ब'ला उलटं शिकवलं. ज्याला येतं त्याने डावा. आईवरूनच सुचलं मला ते. आमच्या घरात डावा हात म्हणजे हो, म्हणजे येतं.

न्यान तिच्या नववी 'अ'ची तयारी खिडक्या लावून करत होती. एकदा मी व्हरांड्यातून जाताना तिने आतून पडदाही ओढला. डिसेंबरातला उकाडा, आत पोरं शिजत असतील, पण पडदा हवा. मी म्हटलं, ओढ बाई. उजव्या-डाव्याला कसला आलाय पडदा.

पाठाच्या दिवशी जिल्ह्याहून क्वेबाई आल्या. हडकुळ्या, पांढरा सदरा, बर्फ घातलेला चहा समोर आला तर बर्फ काढून टाकायला लावणाऱ्या. त्यांनी चहा संपवला आणि जाहीर केलं की कुणीही आपल्या वर्गाला शिकवायचं नाही. चिठ्ठ्या टाका. सरांनी आपलं हेल्मेट उलटं धरलं, त्यात चिठ्ठ्या पडल्या. मला नववी अ आली, न्यानला माझी नववी ब. तुयेनला तिचाच वर्ग आला, नववी क. हेल्मेटलाही नातीगोती कळतात, असं मी म्हटलं, आणि सरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं.

न्यानचा चेहरा उतरला. माझा उतरला नाही. मी हिशेब केला: तिच्या वर्गात उजवा हात म्हणजे येतं, हे जगाला माहीत आहे. माझ्या वर्गात डावा म्हणजे येतं, हे फक्त मला माहीत आहे. ती उजव्यांना विचारत बसेल आणि माझे सगळे ढ एकेक करून उभे राहतील. तिला सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी सांगितलं नसतं.

पहिला पाठ माझा. मागच्या बाकांवर क्वेबाई, खिएमसर, तुयेन आणि न्यान. मी चार रकाने आखले. क्रियापदाच्या रकान्यात 'डिसाइड' लिहिलं आणि विचारलं, याचं नाम कोण सांगेल?

सगळा वर्ग हात वर करून बसला. सगळे उजवे. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं, एकही डावा नाही. सगळ्या वर्गाला येतं? त्या पुठ्ठ्यांनी? मी पुढच्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं.

"डिसाइडमेंट, बाई."

बरं. चूक होते. शेजारच्याला उठवलं. तो म्हणाला, डिसायडेशन. तिसऱ्या मुलीने बरोबर सांगितलं, चौथ्याने उभं राहून छताच्या पंख्याकडे बघितलं. मी विशेषण विचारलं, पुन्हा सगळे उजवे हात, पुन्हा उठवलेला पोरगा मुका. मागे क्वेबाईंचं पेन कागदावर चालत होतं, ते मला फळ्यापर्यंत ऐकू येत होतं. आणि न्यान. न्यान माझ्याकडे रोखून बघत होती आणि मांडीवर ठेवलेल्या हाताची मूठ उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मला वाटलं, मजा बघते आहे. बोटं मोजते आहे, मी उठवलेली किती पोरं पडली ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा दिसला. गळ्यातला लाल रुमाल मानेवर फिरलेला, हात वर, आणि मूठ घट्ट आवळलेली.

"हात असा काय धरलायस? कुणाला मारायचंय?" मी म्हटलं. "मूठ उघड."

तो हलला नाही.

"उघड म्हणतेय ना."

"उघडली तर तुम्ही मला विचाराल, बाई."

"मग?"

"मला येत नाही. येत असेल तर पंजा उघडा ठेवायचा आणि येत नसेल तर मूठ. न्यानबाईंनी तसं सांगितलंय."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी वर्गभर नजर फिरवली. खरंच. निम्मे पंजे, निम्म्या मुठी. इतका वेळ माझ्या समोर होतं सगळं आणि मी उजवा-डावा शोधत बसले होते. त्याच क्षणी पुढे जायला हवं होतं. पंजेवाल्यांना उठवलं असतं तर राहिलेला पाठ सोन्यासारखा झाला असता. पण मला न्यान दिसत होती, मूठ मांडीवर तशीच धरून बसलेली, रंग उडालेली, आणि मला इतका आनंद झाला होता की तो आवरेना.

"मोठ्याने सांग," मी त्या पोराला म्हटलं. "मागे ऐकू गेलं नसेल."

त्याने मोठ्याने सांगितलं.

क्वेबाईंनी पेन खाली ठेवलं. सर गळपट्टी चाचपू लागले. मी उरलेला तास निवांत घेतला. आता काही बिघडत नव्हतं. न्यानचं पितळ उघडं पडलं होतं आणि ते मी पाडलं होतं, जिल्ह्यासमोर, तिच्याच वर्गात. मधल्या वेळात मी पाणी प्यायले आणि मनातल्या मनात आईला सांगून टाकलं की दुपारी येते आहे, आजही येते आहे आणि उद्याही.

मग आम्ही सगळे नववी 'ब'मध्ये गेलो. माझी पोरं. पाठ ताठ, वह्या बाकाच्या कडेला सरळ रेषेत. मी मागे बसले, त्यामुळे मला त्यांच्या नुसत्या मानगुटी दिसत होत्या. न्यानने खडू घेतला, पुठ्ठे नाहीत, काही नाही. तिने एक शब्द लिहिला आणि वळली. वर्गाचे हात वर गेले. काही उजवे, काही डावे. तिने ते बघितले, आणि तिला कळलं की इथेही काहीतरी आहे, फक्त काय आहे ते कळेना. मला गंमत वाटली. विचार ना, म्हटलं, उजव्यांना विचार.

ती विचारणार, तेवढ्यात माझ्या शेजारी बाक सरकल्याचा आवाज झाला. क्वेबाई उभ्या होत्या.

"थांबा," त्या न्यानला म्हणाल्या. मग वर्गाकडे वळल्या. "पलीकडच्या वर्गात मूठ आणि पंजा होता. इथे काय ठरलंय?"

सगळे हात वरच राहिले, खाली घ्यायचे की नाही ते कुणाला कळेना. मी मानगुटींकडे बघत होते. एकाने मागे वळावं, माझा चेहरा बघावा, एवढीच इच्छा. पण मी कुणाला वर्गात मागे वळू दिलेलं नाही, कधीच. पाठ चालू असताना मान वळली तर मी उभं करते.

"वर्गनायक कोण आहे?"

लाय उठली. माझी सगळ्यात हुशार मुलगी. बाप शेवंती लावतो, पाण्यावर उभारलेल्या मचाणांवर कुंड्या मांडून, आणि ही नावेत उभी राहून कुंड्यांना पाणी घालता घालता माझे रकाने पाठ करते. तिने हाताची घडी घातली, हनुवटी वर केली.

"बाई, आमच्या वर्गात ज्याला उत्तर येतं त्याने डावा हात वर करायचा असतो आणि ज्याला उत्तर येत नाही त्याने उजवा हात वर करायचा असतो."

"हे कुणी ठरवलं?"

"हे थोआबाईंनी ठरवलं."

पूर्ण वाक्य. कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, आवाज शेवटच्या बाकापर्यंत. एका शब्दाचीही चूक काढायला जागा नव्हती. तिच्या जागी दुसऱ्या कुठल्या शाळेतली पोर असती तर खाली मान घालून पुटपुटली असती. मीच तिला पुटपुटू दिलं नाही.

बाकीचं पटकन उरकलं. तुयेनच्या वर्गात कुणी हातच वर केला नाही. ना उजवा, ना डावा, ना मूठ. पोरं खाली बघत बसली आणि तुयेन आपलं आपण विचारून आपलं आपण सांगत राहिली. म्हणून ती प्रामाणिक ठरली. क्वेबाईंनी तसं बोलून दाखवलं, आणि सरांनी इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला त्यांच्या डोक्यावर ते हेल्मेट आपटावंसं वाटलं. बेटावर इंग्रजीला एक जागा रिकामी होती. दुसरी निर्माण करता येते, असं सर म्हणाले. आधी तिघींतली एक जाणार होती, आता तिघींतली एकच राहणार होती. आम्ही दोघी सोमवारपासून.

सायकलींच्या शेडमध्ये न्यान माझ्या स्कूटरपाशी उभी होती. मला वाटलं रडत असेल, पण नव्हती.

"ताई, मी मांडीवर हात उघडून दाखवत होते तुम्हाला," ती म्हणाली. "सारखी दाखवत होते. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"मला कशाला दाखवशील तू?"

"तुम्हाला नाही. वर्ग माझा होता. तुमच्यापायी माझी पोरं सगळ्यांसमोर मूर्ख ठरत होती."

मी स्कूटर बाहेर काढायला लागले. ती बाजूला झाली नाही.

"तुम्ही गप्प राहिला असतात तर एक तरी वाचली असती. कदाचित तुम्हीच. माझं काय, मला नदीच्या अलीकडे कोण आहे?"

मी तिला म्हटलं की फेरीबोटीवर माझ्या शेजारी उभी राहू नकोस. ती म्हणाली, बोट काही तुमच्या बापाची नाही. मग मी निघाले. ती मागून ओरडली, "आणि डावा हात का? सगळं जग उजवा करतं." मी वळून बघितलं नाही.

घरी पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. आई दाराकडे तोंड करून पडली होती. तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पलंगावर थाप मारली. मी पेज गरम केली, काटे पुन्हा एकदा बोटांनी चाचपले, तिला उशीला टेकवून बसवलं आणि भरवता भरवता सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मूठ सांगितली, पंजा सांगितला, क्वेबाई सांगितल्या. लायच्या वाक्यापाशी आल्यावर आईचं अर्धं तोंड हललं. हसली असेल. मला इतका राग आला की पुढचा चमचा मी जरा जोरातच आत घातला.

"हस," मी म्हटलं. "सोमवारपासून मी बेटावर. दुपारी कुणी येणार नाही. सहावी मावशी येईल, तिच्या अंगावर थुंक आणि पड उपाशी. रोज. कळतंय का तुला, मी काय बोलतेय? पुढे काय होणार, येतंय का डोक्यात?"

तिने तोंडातला घास गिळला. मग डावा हात उचलला. रोज उचलते तसा अर्धवट नाही. कोपर सरळ करून, बोटं जुळवून, थेट वर, वर्गात करतात तसा. आणि तो तसाच ताणून धरून माझ्याकडे बघत राहिली. दंड भरून आला असेल, तरी खाली घेईना. तिला उत्तर येत होतं, मी फक्त विचारायचं बाकी होतं.

मी तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं, आणि रिकामी वाटी घेऊन मोरीत गेले.